हात पुढे, बातमी मागे : मित्सुओ कावातो यांचा मेंदूकडून रोबोकडे प्रवास

भरलेला असेल असं समजून रिकामा डबा उचलला की हात झटकन वर जातो. "अरे, हलका निघाला," म्हणून आपण ते विसरूनही जातो. पण त्या एका झटक्यात मेंदूची एक मोठी गोष्ट उघडी पडलेली असते. डब्याला बोटं लागायच्या आधीच त्याच्या वजनाचा अंदाज झालेला होता, किती जोर लावायचा ते ठरलेलं होतं आणि तसा हुकूम स्नायूंकडे रवानाही झाला होता. अंदाज चुकला म्हणून तो आपल्याला कळला. एरवी दिवसभर तो बरोबर येत राहतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हा अंदाज कोण बांधतं आणि तो शिकला कसा जातो, या प्रश्नाला जपानच्या मित्सुओ कावातो यांनी अख्खी कारकीर्द दिली. जन्म १९५३चा. तोक्यो विद्यापीठात भौतिकशास्त्राची पदवी, मग ओसाका विद्यापीठात जैवभौतिक अभियांत्रिकी आणि तिथेच १९८१ साली डॉक्टरेट. १९८८ पासून ते क्योतो प्रांतातल्या एटीआर या संशोधन संस्थेत. त्यांच्या कामाची यादी पाहिली तर माणूस सारखी क्षेत्रं बदलतोय असं वाटतं: आधी गणित, मग माकडांच्या मेंदूतल्या पेशी, मग माणसाएवढे रोबो, मग मेंदूचं चित्रण, मग रोबो आणि माणूस यांचं एकत्र काम. मला मात्र यात एकच प्रश्न दिसतो, वेगवेगळ्या बाजूंनी विचारलेला. तोच इथे उलगडायचा आहे.

अडचण उशिराची आहे

तारेतून वीज धावते तसे आपल्या चेतातंतूंमधून संदेश धावत नाहीत. डोळ्यांनी काही पाहिलं आणि त्यानुसार हाताची चाल बदलली, एवढ्याला साधारण १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण समोरचा पेला पटकन उचलायची अख्खी हालचालच जेमतेम अर्ध्या सेकंदात संपते. म्हणजे हात चुकतोय ही बातमी पोहोचून तिच्यावर काही करेपर्यंत हात बराच पुढे गेलेला असतो. मेंदूला कायम शिळ्या बातमीवर निर्णय घ्यावे लागतात.

शिळ्या बातमीवर जोरात दुरुस्ती करायला गेलं की काय होतं, ते गरम-गार पाण्याचा नळ जुळवताना सगळ्यांनी अनुभवलंय. पाणी गार लागतं, आपण नळ फिरवतो, फरक लगेच पडत नाही, म्हणून आणखी फिरवतो आणि मग एकदम चटका बसतो. पुन्हा उलटं फिरवतो, पुन्हा गार. हात असाच चालवला तर पेल्याजवळ जाऊन तो नुसता डगमगत राहील. लहान मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा हात वस्तूजवळ पोहोचता पोहोचता असाच डगमगतो.

कारखान्यातल्या रोबोला ही अडचण जवळपास नसते. त्याच्या तारा जलद, मोटारी तत्पर. सांधा कुठे आहे हे तो सेकंदाला हजार वेळा तपासतो आणि जरा ढळला की दणकून जागेवर आणतो. म्हणून तो अचूक असतो, आणि म्हणूनच ताठही असतो. वाटेत माणूस आला तरी तो त्याच जोरानं जागेवर येणार. अशा रोबोंभोवती पिंजरे उभारतात ते यामुळे. आपला हात याच्या उलट आहे: तारा मंद, स्नायू मऊ, आणि तरीही काम नाजूक. हे कसं जमतं, एवढं कळलं तर माणसाजवळ उभा राहू शकेल असा रोबो घडवता येईल. मेंदूविज्ञान आणि रोबो यांची गाठ पडते ती इथे.

उत्तराची रूपरेषा अशी: मेंदू आपल्या शरीराची आणि हातातल्या वस्तूंची एक चालती नक्कल स्वतःजवळ ठेवतो. या नकलेला अंतर्गत प्रतिमान म्हणतात. ते दोन दिशांनी चालू शकतं. "हा हुकूम सोडला तर हात कुठे जाईल?" हे झालं सुलट प्रतिमान. "हात तिथे न्यायचाय, तर हुकूम काय सोडू?" हे उलट प्रतिमान. रिकाम्या डब्यानं फसवलं ते या दुसऱ्याला.

चूक कुठल्या भाषेत सांगायची?

अशी प्रतिमानं असतील तर ती राहतात कुठे? लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, हा संशय जुना आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली असलेला हा भाग आकारानं मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास पेशी याच भागात आहेत. त्याची रचनाही विलक्षण शिस्तीची. पुर्किंजे नावाच्या मोठ्या पेशी पंख्यासारख्या पसरलेल्या असतात. प्रत्येकीला लाखाहून जास्त समांतर तंतू येऊन भिडतात आणि त्याशिवाय एकच, फक्त एकच, चढता तंतू तिला वेलीसारखा वेढून असतो.

हा एकटा तंतू कशासाठी? १९६९ साली डेव्हिड मार यांनी आणि १९७१ साली जेम्स आल्बस यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की तो शिक्षक असावा. त्याच्या इशाऱ्यावर समांतर तंतूंच्या जोडण्यांचं बळ बदलतं आणि ते बदलणं म्हणजेच शिकणं. बळ वाढतं असं मार यांचं म्हणणं, घटतं असं आल्बस यांचं. पुढे जपानच्या मासाओ इतो यांच्या प्रयोगांत ते घटताना दिसलं.

पण एक गाठ सुटलेली नव्हती, आणि कावातोंचं पहिलं मोठं काम नेमकं तिथे आहे. शिक्षक चूक दाखवतो, हे ठीक; पण कुठल्या भाषेत? डोळा सांगतो, "पेला चार बोटं डावीकडे राहिला." स्नायूंना ही भाषा कळत नाही. त्यांना हवं असतं, "दंडाचा हा स्नायू जरा जास्त, कोपराचा तो जरा कमी, आणि तेही इतक्या आधी." डावीकडची चार बोटं या हिशेबात कशी उतरवायची? ते उतरवता आलं असतं तर उलट प्रतिमान आधीच तयार आहे असा अर्थ झाला असता. जे शिकायचंय तेच आधी यायला हवं, असा हा पेच.

१९८७ साली कावातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो मार्ग मांडला तो मला अजूनही फार सुंदर वाटतो. मेंदूत एक साधी, मंद, ढोबळ दुरुस्ती करणारी यंत्रणा जन्मापासून असतेच. हात डावीकडे राहिला की ती त्याला अडाणीपणानं उजवीकडे ढकलते. तिचं ढकलणं उशिरा येतं, अचूक नसतं, पण ते स्नायूंच्याच भाषेत असतं! मग तीच ढोबळ दुरुस्ती लहान मेंदूला "तुझी चूक" म्हणून का शिकवू नये? प्रत्येक वेळी त्या अडाणी यंत्रणेला जेवढं ढकलावं लागलं, तेवढं पुढच्या वेळी लहान मेंदूनं आधीच करून ठेवायचं. सराव वाढतो तसं तिचं काम कमी होत जातं. ज्या दिवशी तिला काहीच करावं लागत नाही, त्या दिवशी शिकणं पूर्ण झालेलं असतं. नवशिक्या सायकलस्वाराची धडपड आणि मुरलेल्या सायकलस्वाराची सहजता यांतला फरक हा असा, समीकरणात बसवलेला.

सुंदर कल्पना खऱ्या असतातच असं नाही. म्हणून पुढची काही वर्षं पडताळणीत गेली. हलत्या दृश्यामागे माकडाचे डोळे आपोआप फिरतात, त्या वेळी पुर्किंजे पेशी किती वेगानं उद्दीपित होतात हे मोजण्यात आलं. डोळ्याचं स्थान, वेग आणि त्वरण एवढ्याच तीन गोष्टी घेऊन त्या पेशींचा आलेख जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा काढता आला, आणि पेशींची हालचाल डोळ्याच्या हालचालीच्या आधी होत होती. म्हणजे तिथे डोळा हलवण्याचा हुकूम तयार होतोय, याला हा मोठा आधार होता. हे काम १९९३ साली प्रसिद्ध झालं.

माणसांवरचा २००० सालचा प्रयोग त्याहून मजेदार. संगणकाच्या माउसची दिशा १२० अंशांनी फिरवून टाकली. हात एकीकडे, पडद्यावरचा बाण भलतीकडे. असा माउस वापरून पडद्यावरच्या हलत्या खुणेचा पाठलाग करायचा, आणि तोही मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात पडून. सुरुवातीला लहान मेंदूत मोठा भाग उजळला, सरावानं तो विझत गेला. पण हा उजेड शिकण्याचा की नुसत्या चुकांचा? हे वेगळं काढायला त्यांनी एक युक्ती केली. साध्या माउसच्या वेळी खुणेचा वेग इतका वाढवला की दोन्हीकडे सारख्याच चुका व्हाव्यात. चुका समान झाल्यावरही फिरवलेल्या माउसच्या वेळी एक लहानसा भाग उजळलेलाच राहिला. नव्या अवजाराची नक्कल तिथे वस्तीला आली होती.

मग रोबो कशाला?

कागदावरचं समीकरण कोणाला दुखवत नाही आणि पडतही नाही. कागदावर घर्षण आपण सोयीनं वगळतो, सांध्यातली ढिलाई विसरतो. खऱ्या शरीराला यातलं काहीच माफ होत नाही. "मेंदू घडवून मेंदू समजून घ्यायचा" ही भूमिका कावातो पुढे वारंवार मांडत राहिले. १९९६ ते २००१ या काळात जपान सरकारच्या पैशातून त्यांच्या नावाचा पाच वर्षांचा प्रकल्प चालला आणि त्यात डीबी नावाचा रोबो जन्माला आला. अमेरिकेतल्या सार्कोस कंपनीनं तो बनवला. उंची सुमारे १.८५ मीटर, वजन सुमारे ८० किलो, ३० सांधे. हे सांधे तेलाच्या दाबावर चालायचे आणि मुद्दाम थोडे मऊ ठेवलेले, म्हणजे नियंत्रणाची अडचण माणसासारखीच यावी.

डीबी माणसाला पाहून शिकायचा. ओकिनावाचं लोकनृत्य, एअर हॉकी, चेंडू झेलणं. यातून पहिला धडा मिळाला तो नकलेच्या मर्यादेचा. स्टेफान शाल आणि क्रिस ॲटकेसन यांनी १९९७ साली सार्कोसच्याच एका रोबो-हाताला लोंबती काठी झुलवून उभी करायला शिकवली. माणसानं ते एकदा करून दाखवलं. त्याच्या हाताची चाल रोबोनं हुबेहूब गिरवली, तर काठी उभी राहिली नाही! हात वेगळा, पकड वेगळी, त्यामुळे तीच चाल निरुपयोगी. काठी कशी वागते याचं प्रतिमान रोबोनं स्वतः बांधलं आणि ती उभी करणं हे ध्येय धरलं, तेव्हा थोड्याच प्रयत्नांत जमलं. करून दाखवणाऱ्याकडून चाल उचलायची नसते, त्याला काय साधायचंय ते उचलायचं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

रोबोचा दुसरा उपयोग मोजमापाचा, आणि त्याची चर्चा फार कमी होते. माणसाच्या हातात रोबोची मूठ द्यायची आणि त्या रोबोकडून जगात नसलेली बळं तयार करायची. २००१ साली एटीआरच्या गटानं असं एक बळ बनवलं की हात सरळ रेषेतून किंचित ढळला तरी तो आणखी बाजूला फेकला जाई. तलवारीच्या धारेवर चालण्यासारखं. इथे अंदाज पुरेसा नाही, कारण पुढचा धक्का कुठल्या बाजूनं येईल तेच ठरलेलं नसतं. लोक काय शिकले? त्यांनी हात ताठ केला, पण सगळीकडून नाही. फक्त ज्या दिशेनं धोका होता त्या दिशेनं. बाकी हात मऊच. ताठरपणा खर्चीक असतो आणि मेंदू तो जपून वापरतो. माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोंसाठी ही फार कामाची गोष्ट आहे.

जानेवारी २००८ मध्ये या संस्थेचं नाव जगभर गेलं ते एका माकडामुळे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात मिगेल निकोलेलिस यांच्या प्रयोगशाळेत इडोया नावाची माकडीण चालत्या पट्ट्यावर चालत होती. तिच्या मेंदूतल्या पेशींचे संकेत इंटरनेटवरून जपानला पोहोचत होते आणि तिथे सीबी नावाच्या नव्या रोबोचे पाय त्यावर चालत होते. इडोयाला समोरच्या पडद्यावर ते पाय दिसत होते. मग तिचा पट्टा थांबवला. ती थांबली, पण डोळे पडद्यावरच राहिले आणि रोबो सुमारे तीन मिनिटं चालत राहिला. बातम्यांमध्ये हा चमत्कार म्हणून आला. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की स्वतःचे पाय न हलवता चालण्याचा हुकूम देत राहणं एका प्राण्याला जमलं.

समोर कोण आहे यानं फरक पडतो का?

आतापर्यंत प्रश्न एका शरीराचा होता. पण सुलट प्रतिमान असेल तर ते फक्त स्वतःपुरतंच कशाला थांबेल?

आधी स्वतःचं पाहू. स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत, हा बालप्रश्न लंडनमध्ये डॅनियल वॉल्पर्ट, सारा-जेन ब्लेकमोर आणि क्रिस फ्रिथ यांनी रोबो वापरून हाताळला. वॉल्पर्ट हे कावातोंचे जवळचे सहकारी. अनेक प्रतिमानं एकत्र कशी काम करतात यावर दोघांनी १९९८ साली मिळून सिद्धांत मांडला. प्रयोगात डाव्या हाताची हालचाल रोबोमार्फत उजव्या तळव्यावरच्या स्पंजपर्यंत पोहोचवायची. लगेच पोहोचली तर गुदगुल्या जवळपास नाहीत. मध्ये १००, २००, ३०० मिलिसेकंदांचा उशीर घातला की गुदगुल्या वाढत गेल्या. मेंदूचा अंदाज आणि प्रत्यक्ष स्पर्श जुळले की तो स्पर्श खोडला जातो. उशीर झाला की आपलाच हात परका वाटू लागतो.

आता दुसऱ्याचं. तुम्ही हात आडवा हलवताय आणि समोरचा माणूस उभा हलवतोय, तर तुमची रेघ वाकडी होऊ लागते. पाहिलेली हालचाल तुमच्या हालचालीत लुडबुड करते. २००३ साली लंडनमधल्या प्रयोगात समोर यांत्रिक हात ठेवला तेव्हा ही लुडबुड दिसली नाही. मेंदूला यंत्र म्हणजे यंत्रच, असं वाटलं. मग एटीआरमधल्या संशोधकांनी समोर डीबीला उभं केलं. माणसाच्या नोंदवलेल्या हालचालीनुसार त्याचा हात हलवला, तेव्हा लुडबुड परत आली, माणसासमोर होते त्याहून कमी, पण आली. त्याच डीबीचा हात कृत्रिम, यांत्रिक गतीनं हलवला तेव्हा ती नाहीशी झाली. रोबो तोच, बदलली ती चाल. रोबोला माणसासारखा चेहरा द्यायचा की नाही यावर खूप वाद होतात. त्यात हा प्रयोग फारसा आठवला जात नाही याचं मला वाईट वाटतं.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो कावातोंनी स्वतःच मांडला. रोबोनं काम केलं म्हणजे ती पद्धत शक्य आहे एवढंच सिद्ध झालं. मेंदू तीच वापरतो असं नाही. पक्षी आणि विमान दोन्ही उडतात. मेंदूचं चित्रणही फक्त सांगतं की अमुक करताना तमुक भाग उजळतो. कोण कशामुळे हे सांगत नाही. कारण शोधायचं तर मेंदूतला नमुना मुद्दाम बदलून परिणाम पाहायला हवा. २०११ साली त्यांच्या गटानं बॉस्टन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसह तसं केलं. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रातल्या लोकांना एवढंच सांगितलं: पडद्यावरचं वर्तुळ कसंही करून मोठं करा. त्यांना माहीत नव्हतं की दृष्टीच्या भागातला नमुना एका विशिष्ट कलत्या रेघेच्या नमुन्याजवळ गेला की वर्तुळ मोठं होतं. काही दिवसांच्या सरावानंतर, तशी रेघ एकदाही न दाखवता, ती ओळखण्याची त्यांची क्षमता सुधारली. पुढे हीच पद्धत भीतीच्या विकारांवर वापरून पाहिली गेली, ज्याची भीती वाटते ते समोर न आणता. रुग्णासाठी हा मोठाच दिलासा. पण आपल्या मेंदूत काय बदलतंय हे त्या माणसाला ठाऊक नसताना बदल घडतो, हे मला अस्वस्थ करतं. त्यानं संमती दिली, ती नेमकी कशाला?

शेवटचा प्रयोग मला सगळ्यात जवळचा, कारण त्यात सगळे धागे एकत्र येतात. दोन माणसं, दोघांच्या हातात रोबोची एकेक मूठ, एकमेकांना दिसू नये म्हणून मध्ये आडपडदा. दोघांनी संगणकाच्या पडद्यावरच्या एकाच हलत्या खुणेचा पाठलाग करायचा. त्यांना न सांगता दोन्ही मुठी अधूनमधून एका आभासी रबरानं जोडायच्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: जोडलेले असताना दोघांचंही काम सुधारलं. कच्च्या जोडीदाराशी जोडलेल्या पक्क्या माणसाचंसुद्धा!

दोघं एकमेकांना ओढत होते, मग सुधारणा कुठून आली? ताकागी, गणेश, बुर्दे आणि कावातो यांच्या गटानं २०१७ साली उत्तर मांडलं. रबराच्या ताणावरून प्रत्येकाचा मेंदू ताडतो की समोरच्याला कुठे जायचंय, आणि मग खूण कुठे आहे याचा त्याला दुसरा अंदाज मिळतो. दोन अंदाज एकापेक्षा बरे. समोरच्याची चाल नाही, त्याला काय साधायचंय ते उचललं जातं. हे प्रतिमान खरं की खोटं ते ठरवायला त्यांनी ते एका रोबोत घातलं आणि माणसाच्या जागी तो रोबो जोडला. समोरच्या माणसाचं काम आणि शिकणं तितकंच सुधारलं, जितकं खऱ्या माणसाशी जोडल्यावर सुधारलं होतं.

पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णाच्या हाताला रोबोची साथ देताना याचा थेट उपयोग आहे. आखलेल्या वाटेवरून रुग्णाचा हात ओढत नेणारं यंत्र बनवायला सोपं असतं. पण यंत्रच सगळं करतंय हे मेंदूच्या पटकन लक्षात येतं आणि रुग्णाचे स्नायू अंग काढून घेतात. ढकलण्याची गरज उरली नाही की शिकण्यासाठी चूकही उरत नाही, हे १९८७च्या त्या समीकरणातच लिहिलेलं आहे. म्हणून आता असा जोडीदार हवा आहे, जो रुग्णाला कुठे जायचंय ते रबराच्या ताणावरून ओळखेल, आणि त्याची चूक शिल्लक राहील एवढाच आधार देईल.